सलाम कोणाला असतो? युद्धनौकेवरच्या मानाबद्दल एका जुन्या नौसैनिकाचं उत्तर

प्रश्न असा आहे : राष्ट्रपती किंवा पंतप्रधान युद्धनौकेवर जातात तेव्हा एवढा थाट कशासाठी? नौसैनिक सलाम करतात तो त्या व्यक्तीला की पदाला? आणि एखाद्या नौसैनिकाला तो नेता अजिबात पटत नसेल, तर त्याने करायचं काय?

मी भारतीय नौदलात सीमन शाखेत होतो आणि शेवटची काही वर्षं बफर म्हणून काढली. बफर म्हणजे डेकवरची सगळी कामं ज्याच्या अंगावर असतात तो चीफ, म्हणजे वरिष्ठ नौसैनिक. दोरखंड, नांगर, बोटी, रंगकाम, गँगवे (धक्क्यावरून जहाजावर चढायची फळी) हे सगळं त्याचं. मोठे पाहुणे येणार असतील तर त्यांच्या स्वागताची मांडामांडही त्याच्याकडेच. त्यामुळे अशा भेटी मी मंचावरून पाहिलेल्या नाहीत. जिथून पाहुणा पहिलं पाऊल टाकतो, त्या फळीच्या टोकाशी उभं राहून पाहिल्या आहेत. तिथून जे दिसतं तेच सांगतो.

जहाजावर पहिला सलाम पाहुण्याला होतच नाही. धक्क्यावरून जहाजावर येताना गणवेशातला प्रत्येक माणूस डेकवर पाय ठेवताच क्वार्टरडेकच्या दिशेने सलाम करतो. क्वार्टरडेक म्हणजे जहाजाचा मागचा, मानाचा डेक. बंदरात असताना नौदलाचं निशाण त्याच्याच टोकाला फडकतं. नुकताच भरती झालेला पोरगा असो, सुट्टीवरून परतलेला कॅप्टन असो, नाहीतर ॲडमिरल असो, यातून कोणालाही सूट नाही. या प्रथेचं मूळ कोणी जुन्या काळी तिथे असलेल्या देवस्थानाशी जोडतात, कोणी राजाच्या निशाणाशी. आम्हाला शिकवताना एवढंच शिकवलं होतं की आधी जहाजाला मान द्यायचा, मग जहाजावरच्या माणसांना.

माझ्या नोकरीत आणि नंतर ते निशाणही कितीदा बदललं! 1950 पासून पांढऱ्या पार्श्वभूमीवर सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता. 2001 मध्ये क्रॉस गेला आणि निळ्या रंगातलं नौदलाचं चिन्ह आलं. पण समुद्राच्या आणि आभाळाच्या निळ्यात ते निळं चिन्ह लांबून ओळखू येईना, म्हणून 2004 मध्ये क्रॉस परत आला आणि त्याच्या मध्यावर अशोकस्तंभ बसला. 2014 मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. मग 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नवी आय.एन.एस. विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आजच्या निशाणाचं अनावरण केलं. क्रॉस कायमचा उतरला आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. मराठी माणूस म्हणून त्या दिवशी माझा ऊर भरून आला, हे लपवण्यासारखं नाही. पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. एवढ्या वर्षांत कापड बदललं, चिन्ह बदललं, पंतप्रधान बदलले, सरकारं बदलली. क्वार्टरडेककडे वळून उचललेला हात मात्र तसाच राहिला. मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर राज्यघटनेत सापडतं. अनुच्छेद 53 सांगतो की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि मंत्रिमंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं. तिथून हुकूम नौदलप्रमुखांकडे, त्यांच्याकडून कमांडकडे, ताफ्याकडे, मग जहाजाच्या कॅप्टनकडे आणि शेवटी सुकाणूवर बसलेल्या त्या बावीस वर्षांच्या मुलापर्यंत येतो. या साखळीतली एकही कडी आम्ही आमच्या आवडीने निवडलेली नसते. एका विनाशिकेवर जेवढी क्षेपणास्त्रं असतात ती एखादं बंदर पेटवायला पुरेशी असतात. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या लहानशा क्षेपणास्त्र बोटींनी कराचीला काय केलं ते जगाने पाहिलं आहे. त्या ताकदीवर ज्यांचा हात असतो ते सगळे साध्या कपड्यातल्या, हातात काठीसुद्धा नसलेल्या एका माणसासमोर ताठ उभे राहतात आणि सलाम करतात. हत्यारबंद माणसं निःशस्त्र माणसाचा हुकूम मानतात, हेच त्या सलामातून दिसतं. शेजारी पाकिस्तानात 1958, 1977 आणि 1999 मध्ये ही साखळी उलटी फिरली आणि गणवेशातली माणसं राज्यकर्ती झाली. आपल्याकडे एकदाही तसं झालं नाही. नेता जहाजावर येतो तेव्हा होणारा सोहळा मला त्यामुळेच कधी निव्वळ शोभेचा वाटला नाही.

तोफांची सलामी घ्या. तिच्या उगमाबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की जुन्या काळी बंदरात शिरणारं जहाज आपल्या तोफा हवेत रिकाम्या करी. तोफ पुन्हा भरायला बराच वेळ लागे. म्हणजे तोफ उडवून ते जहाज यजमानाला सांगत असे की, बघा, आता मी तुमच्यासमोर निःशस्त्र आहे. राष्ट्रपतींना 21 तोफांची सलामी मिळते तिच्या पोटात हा अर्थ आहे. हाताच्या सलामाबद्दलही असंच सांगतात. आमच्या नौदलाच्या सलामात तळवा जमिनीकडे असतो, लष्करात तो समोर दिसतो, तर हवाई दलाने 2006 मध्ये मधला कोन स्वीकारला. शिडाच्या जहाजांवर दोरखंडाला डांबर फासलेलं असे आणि खलाशाचे तळवे कायम काळे. ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून तळवा खाली वळला, असं म्हणतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्या काळ्या तळव्यांची लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. जहाज त्यांच्याच जोरावर चालत होतं.

आणि ती शिट्टी! पाहुणा जहाजावर चढताना बोसन्स कॉल वाजतो. टीव्हीवर तुम्ही तो ऐकला असेल : खालच्या सुरापासून चढत जाणारा, वर थांबणारा, पुन्हा उतरणारा लांब आवाज. ओठांशी धरलेली बोटभर धातूची नळी, तळव्यात धरायची आणि बोटं उघडमीट करून सूर बदलायचा. शिडाच्या काळात भर समुद्रात एका जहाजावरून दुसऱ्यावर जायचं तर पाहुण्याला दोराला बांधलेल्या पाटावर बसवून वर ओढून घेत. दोर ओढणाऱ्यांना ‘ओढा’, ‘थांबा’, ‘सोडा’ हे इशारे शिट्टीने द्यायचे, कारण वाऱ्यात माणसाचा आवाज पोचत नाही. पाट गेला, शिडं गेली, पण शिट्टी मानाचं चिन्ह म्हणून राहिली. हा मान कोणाला द्यायचा, किती वेळ, कोणत्या प्रसंगी, याचे नियम लेखी असतात. कॅप्टनला एखादा पाहुणा फार आवडतो म्हणून त्याला जास्त मान देता येत नाही, आणि आवडत नाही म्हणून कमीही करता येत नाही. नियमात बसलेल्या मानाचं मोल मला त्यातच दिसतं.

आता तिसरा प्रश्न. नेता पटत नसेल तर?

हा प्रश्न मला एका पोराने खरोखर विचारला होता. माझ्या कामाच्या तुकडीतला होता, कामाला चोख. भेटीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गँगवेच्या कठड्याला नवा दोर गुंडाळत होतो. तो खाली मान घालून म्हणाला, “चीफ, मला हे साहेब पटत नाहीत. घरी आमचे सगळे दुसऱ्या पक्षाचे. उद्या मी सलाम करणार तो खोटाच ना?” मी त्याला म्हटलं, “तुझं मत तू मतपत्रिकेवर दे. तिथे तुला कोणी विचारणार नाही. उद्याचा सलाम तुझ्या मताचा नाहीच, तो तुझ्या शपथेचा आहे. तू मत दिलेला माणूस हरला तरी देश ज्याला निवडतो त्याचा हुकूम तू मानशील, एवढंच त्यात तू सांगतोस.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा सलाम रांगेत सगळ्यांत नीट होता. त्याला माझं पटलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचा मला हक्कही नव्हता.

सैनिकाला मत नसतं असा एक गैरसमज लोकांत आहे. आम्ही सर्व्हिस व्होटर, म्हणजे सैन्यातले मतदार, असतो. पूर्वी मतपत्रिका टपालाने यायची आणि कधी कधी निकाल लागून गेल्यावर हातात पडायची. आता ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवतात. मत आहे, पण पक्षाच्या सभेत जाणं, घोषणा देणं, वर्तमानपत्रात राजकीय लिहिणं यावर बंधन आहे. अनुच्छेद 33 ने संसदेला तसा अधिकार दिलेला आहे. सुरुवातीला ते बंधन मला जड वाटायचं. नंतर एका लहान मेसमध्ये, जिथे बंक एकावर एक तीन थरांत असतात, तिथे देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं महिनोन्महिने कशी एकत्र राहतात ते पाहिलं आणि त्या बंधनाचं शहाणपण कळलं. ज्याच्याशी रात्री राजकारणावरून हातघाई होईल, पहाटे आग लागली तर त्याच्याच हातात तुमचा जीव असतो.

इथपर्यंत नौसैनिकाने काय द्यायचं ते झालं. पण मान दोन्ही बाजूंनी चालतो, आणि ही दुसरी बाजू फारच थोड्यांना ठाऊक असते, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो.

जहाजावर कोणीही आलं तरी जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कॅप्टनकडून हलत नाही. ॲडमिरल पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, येऊन बसले तरी नाही, राष्ट्रपती आले तरी नाही. विमानवाहू नौकेच्या फ्लाइट डेकवर तर हे अगदी उघड दिसतं. जेट उडताना तिथे उभं राहायचं तर कानांवर आवरण, डोळ्यांवर चष्मा, आणि आखून दिलेल्या रेषेच्या आतच पाऊल. पिवळ्या जॅकेटमधला नौसैनिक हात आडवा करतो तेव्हा समोर कोण आहे हे त्याने पाहायचं नसतं. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गोव्याजवळ विक्रांतवर गेल्या होत्या. 2014 मध्ये मोदी पंतप्रधान झाल्यावर थोड्याच दिवसांत विक्रमादित्यवर आले आणि 2025 ची दिवाळी त्यांनी विक्रांतवर नौसैनिकांबरोबर साजरी केली. अशा प्रत्येक भेटीत पाहुण्याला कुठे उभं राहायचं ते जहाज सांगतं. जो नेता ते निमूटपणे ऐकतो, त्याला डेकवरची माणसं मनातून मानतात. टीव्हीवर ते दिसत नाही, पण संध्याकाळी मेसमध्ये त्यावरच बोलणं होतं.

पाणबुडीत तर थाटाला जागाच नसते. 13 फेब्रुवारी 2006 रोजी विशाखापट्टणमजवळ राष्ट्रपती अब्दुल कलाम आय.एन.एस. सिंधुरक्षकमधून पाण्याखाली गेले. आपल्या देशाच्या राष्ट्रपतींनी पाणबुडीतून डुबकी मारण्याची ती पहिली वेळ. पाणबुडीत शिरायचं म्हणजे उभ्या शिडीवरून अरुंद तोंडातून खाली उतरायचं, पाइपांना डोकं लागू नये म्हणून वाकून चालायचं. तिथे मानवंदना देणाऱ्या तुकडीला ना जागा, ना काम. सत्तरी ओलांडलेला देशाचा सर्वोच्च सेनापती आपल्या माणसांबरोबर तीच हवा श्वासात घेतो, यापरता दुसरा मान पाणबुडीवाल्यांना काय द्यायचा? एका पाणबुडीवाल्या मित्राचं म्हणणं होतं की त्या दिवसानंतर वर्षभर त्यांच्यातला प्रत्येक जण थोडा उंच चालत होता.

अशीच एक लहान प्रथा मेसडेकची आहे, आणि माझ्या मते ती नौदलातली सर्वांत सुंदर प्रथा आहे. नौसैनिक राहतात, जेवतात, झोपतात त्या जागेत अधिकारी शिरला की तो डोक्यावरची टोपी काढतो. कारण ते त्यांचं घर आहे. ज्या माणसाला डेकवर सगळे सलाम करतात, तो खाली आल्यावर पाहुणा होतो. मोठे पाहुणे बडाखान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, बसतात तेव्हा हेच घडायला हवं. एकाच पंगतीत, एकाच भांड्यातलं जेवण, आणि गप्पा जेवणाऱ्यांच्या. एका भेटीत एक वयस्कर पाहुणे मेसमध्ये एका स्टोकरशेजारी, म्हणजे इंजिनावर काम करणाऱ्या नौसैनिकाशेजारी, बसले. त्यांनी विचारलं, “इंजिन रूममध्ये आत्ता उकाडा किती असतो? घरी फोन कधी लागतो?” कॅमेरे आधीच वर गेले होते. ते तिथे दहा-बारा मिनिटंच होते. पण तो स्टोकर निवृत्त होईपर्यंत ती दहा मिनिटं सांगत राहिला. उलट एका भेटीत पाहुण्यांचा सगळा वेळ डेकवर फोटोंत गेला आणि ज्या मुलांनी चार दिवस झोप मोडून तयारी केली होती, ती खाली उकाड्यात रांगेत उभी राहून वाट बघत राहिली. त्यांना कोणी भेटलंच नाही. त्या संध्याकाळी मेसमध्ये कोणी काही बोललं नाही. ती शांतता मला अजून बोचते.

तयारीबद्दलही खरं तेच सांगायला हवं. भेटीआधी जहाज धुणं, पितळ घासणं, दोर नवे करणं यात काही गैर नाही. जहाज आमचं घर आहे आणि घरी पाहुणे येणार म्हटल्यावर कोणीही आवराआवर करतो. पण कधी कधी वेळ कमी म्हणून गंज खरवडायच्या आधीच वरून रंगाचा हात फिरवला जातो. समुद्राचं खारं पाणी रंगाखालचा गंज विसरत नाही. दोन महिन्यांनी तिथे फोड येतात आणि मग दुप्पट खरवडावं लागतं. बफर म्हणून मला याचा मनापासून संताप यायचा. पाहुण्याला चकचकीत दिसावं म्हणून पत्रा कमजोर करणं हा पाहुण्याचा मान नव्हे. ज्याला आपण देशाचा सेनापती म्हणतो त्याला जहाज आहे तसं दिसलं पाहिजे. पंप बंद असेल तर तो बंद दिसला पाहिजे. त्याच्याच सहीने पंपाचे सुटे भाग येणार असतात.

राष्ट्रपतींकडून होणारी ताफ्याची पाहणी मला यासाठीच आवडते. तिची सुरुवात 1953 मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्यापासून झाली. जहाजं नांगर टाकून ओळींत उभी असतात आणि राष्ट्रपती एका जहाजातून त्या ओळींमधून जातात. 2016 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत प्रणव मुखर्जी आणि 2022 मध्ये रामनाथ कोविंद आय.एन.एस. सुमित्रावरून गेले. सुमित्रा ही गस्तीची नौका, पण त्या दिवसापुरती राष्ट्रपतींची. प्रत्येक जहाजाच्या कठड्याशी पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक एका रांगेत उभे राहतात आणि राष्ट्रपती समोरून जाताना टोप्या उंचावून जयजयकार करतात. कठड्याशी असं उभं राहण्याचा मूळ अर्थही तोफांसारखाच : सगळी माणसं वर दिसत आहेत, म्हणजे खाली तोफांजवळ कोणी नाही. त्या रांगेत मी उभा राहिलो आहे. उन्हात दोन-तीन तास, पायाखाली तापलेला पत्रा, आणि समोरून ते जहाज एखाद-दोन मिनिटांत निघून जातं. पण त्या मिनिटात राष्ट्रपतीही उभे असतात, मान स्वीकारत असतात. दोन्ही बाजू उभ्या, दोन्ही बाजू उन्हात. त्यामुळे ते तास वाया गेले असं मला कधी वाटलं नाही.

आता या सगळ्यातला नाजूक भाग. जहाजावर नेता भाषण करतो तेव्हा त्याच्यासमोर जे श्रोते असतात त्यांना उठून जाता येत नाही. त्यांना विरोधात एक शब्द काढता येत नाही. ते हुकमाने तिथे आलेले असतात आणि हुकमानेच जाणार असतात. सभेतल्या माणसाला असते ती मोकळीक त्यांना नाही. म्हणून त्यांच्यासमोर देशाचं बोलावं, समुद्राचं बोलावं, त्यांच्या कामाचं आणि घरच्यांचं बोलावं. विरोधकाचं नाव तिथे निघता कामा नये. मग तो नेता कोणत्याही पक्षाचा असो. आणि भेटीचे फोटो नंतर प्रचाराच्या फलकावर जाता कामा नयेत. निवडणूक आयोगाने 2013 मध्ये आणि पुन्हा मार्च 2019 मध्ये राजकीय पक्षांना हेच बजावलं होतं की सैनिकांचे आणि सैनिकी कार्यक्रमांचे फोटो प्रचारात वापरू नका. त्याच 2019 च्या प्रचारात आय.एन.एस. विराट या विमानवाहू नौकेवरून एका पंतप्रधानांनी तीसेक वर्षांपूर्वी केलेल्या प्रवासावरून रण माजलं आणि निवृत्त नौदल अधिकाऱ्यांना पुढे येऊन खुलासे करावे लागले. कोण खरं, कोण खोटं यात मी पडत नाही. विराटने आमच्या देशाची तीस वर्षं सेवा केली. तिचं नाव असं प्रचारसभेत उडताना ऐकून ज्यांनी तिच्यावर जवानी घालवली त्यांना काय वाटलं असेल, एवढंच मला सांगायचं आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1 मे 2003 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश ‘अब्राहम लिंकन’ या विमानवाहू नौकेवर विमानाने उतरले. इराकमधली मोठी लढाई संपल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि मागे ‘कामगिरी फत्ते’ अशा अर्थाचा मोठा फलक होता. त्या जहाजावरची माणसं जवळजवळ दहा महिन्यांची मोहीम करून घरी परतत होती. त्यांच्यापुरती कामगिरी खरोखरच फत्ते झाली होती. पण इराकमधलं युद्ध पुढे कित्येक वर्षं चाललं, आणि आज तो फलक आठवला की लोकांना फसलेला दावा आठवतो. दहा महिने समुद्रावर काढलेल्या हजारो माणसांचे कष्ट त्याखाली झाकून गेले.

दुसरा प्रसंग मे 2019 मधला, जपानच्या योकोसुका बंदरातला. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तिथे ‘वास्प’ या युद्धनौकेवर भाषणाला येणार होते. त्याच तळावर ‘जॉन एस. मकेन’ नावाची विनाशिका होती. ज्या घराण्याचं नाव तिला आहे त्यातल्या सिनेटर मकेन यांच्याशी ट्रम्प यांचं वैर जगजाहीर. ती नौका फारशी नजरेस पडू नये अशी विनंती नौदलाकडे झाली होती, हे अमेरिकन नौदलाने नंतर मान्य केलं. भाषणाच्या वेळी सगळी जहाजं नेहमीसारखीच होती असंही नौदलाने सांगितलं, आणि आपल्याला याची काही कल्पना नव्हती असं ट्रम्प म्हणाले. विनंती कोणाच्या डोक्यातून निघाली हे बाजूला ठेवा. त्याच जहाजावर ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ झालेल्या टकरीत 10 नौसैनिक गेले होते. ज्या जहाजाने दोन वर्षांपूर्वी आपली 10 माणसं गमावली, त्याचं नाव झाकायचं असं ज्याला सुचू शकतं, त्याला जहाज म्हणजे काय हेच कळलेलं नाही. आणि त्याच कार्यक्रमात ‘वास्प’वरच्या काही जणांनी अध्यक्षांच्या घोषणेवरून बेतलेले बिल्ले गणवेशावर लावले, त्याचीही चौकशी झाली. म्हणजे एकाच दिवशी एका बाजूने मान काढून घ्यायचा विचार झाला आणि दुसऱ्या बाजूने नियमाबाहेरचा मान दिला गेला. माझ्या लेखी दोन्ही सारखंच चूक.

नेत्याने स्वतः हात उचलून सलाम करावा का, असंही लोक विचारतात. आमचा नियम सोपा आहे : डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सलाम नाही, सावधान उभं राहायचं. साध्या कपड्यातल्या माणसाने स्थिर उभं राहून, नजर समोर ठेवून किंवा हात जोडून सलाम स्वीकारला तरी तो पूर्ण मान झाला. अमेरिकेत आयसेनहॉवर स्वतः पंचतारांकित जनरल होते, पण अध्यक्ष झाल्यावर ते सैनिकी सलाम करत नसत. पुढे रेगन यांनी सलामाला सलामाने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मग तीच रीत पडली. आपल्याकडे दोन्ही पाहायला मिळतं. फळीच्या टोकावरून मला विचाराल तर हात कुठे आहे यापेक्षा डोळे कुठे आहेत ते महत्त्वाचं. सलाम करणाऱ्याकडे पाहून घेतलेला मान पोचतो. चालता चालता, दुसऱ्याशी बोलत घेतलेला पोचत नाही.

शेवटी तुमच्यासाठी एक. नौदल सप्ताहात मुंबई आणि इतर बंदरांत युद्धनौका लोकांना पाहायला खुल्या होतात. मुलांना घेऊन जरूर जा. फळीवरून आत पाऊल टाकलं की घाई करू नका. मागे निशाण असतं त्या बाजूला तोंड करून क्षणभर उभे राहा. हात उचलायची गरज नाही, कोणी तुम्हाला तसं सांगणारही नाही. पण फळीशी उभा असलेला नौसैनिक ते नक्की पाहील, आणि मग तुमच्या मुलांना जहाज दाखवताना पुलापर्यंत घेऊन जाईल.